प्रश्न तुमचे : मध्यस्थ दुसऱ्या खोलीत काय बोलतो?

मध्यस्थीबद्दल आलेल्या पत्रांत बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : बंद दाराआड नेमकं चालतं काय? त्यामुळे त्या प्रश्नाला इथे ऐसपैस जागा दिली आहे. बाकीची उत्तरं गरजेपुरती.

प्रश्न : भागीदारीच्या वादात आम्ही दोघांच्याही ओळखीच्या एका ज्येष्ठांना मध्यस्थ म्हणून बसवलं. दोन तास ऐकून त्यांनी निकालच देऊन टाकला. एकाला तो मान्य आहे, दुसऱ्याला नाही. आता काय?

तुमच्याकडे झाली ती मध्यस्थी नव्हेच. तिसऱ्याने निर्णय द्यायचा आणि तो दोघांनी पाळायचा, असं आधी लेखी ठरलं असेल तर त्याला लवाद म्हणतात. तसं काही ठरलं नसेल, तर ज्येष्ठांनी दिलं ते मत. मत म्हणून त्याची किंमत असेलही, पण ते कुणावर लादता येत नाही. मध्यस्थाच्या हातात निर्णय नसतो. बोलणं कोणत्या क्रमाने, किती वेळ आणि कोणासमोर व्हावं एवढंच त्याच्या हातात असतं, आणि तेवढंही पुष्कळ असतं.

हा घोळ होतो कारण बसण्यापूर्वी भूमिका कोणी विचारतच नाही. पुढच्या वेळी आधी एक पान लिहून सह्या करा. त्यात हे असावं : मध्यस्थ निर्णय देणार नाही, मत मागितलं तर देणार की नाही, इथे झालेलं बोलणं पुढे कुठेही पुरावा म्हणून वापरायचं नाही, कोणालाही केव्हाही उठून जाता येईल, मानधन कोण किती देणार, मध्यस्थाची दोन्ही बाजूंशी असलेली जुनी ओळखदेख. शेवटचा मुद्दा संकोचाने टाळला जातो आणि नेमका तोच नंतर उफाळून येतो.

‘आधी मध्यस्थी करू, नाही जमलं तर तुम्हीच निकाल द्या’ ही सोय आकर्षक वाटते. पण समोरचा उद्या न्यायाधीश होणार हे माहीत असलं की माणूस त्याच्याजवळ आपली कच्ची बाजू कशाला उघड करेल? दोन टप्पे हवेच असतील तर माणसंही दोन घ्या.

प्रश्न : मध्यस्थ दुसऱ्या बाजूबरोबर सव्वा तास वेगळे बसले, आमच्याबरोबर वीस मिनिटं. बाहेर आले तेव्हा सूरही बदललेला वाटला. आम्ही खासगीत सांगितलेलं तिकडे पोचतं का? एवढा वेळ ते बोलतात तरी काय?

वेळेपासून सुरुवात करू. सव्वा तास लागला म्हणजे तिकडे झुकाव आहे, असा अर्थ निघत नाही. बरेचदा कारण साधं असतं : त्या बाजूला तीन माणसं असतात आणि तिघांची तीन मतं. मध्यस्थाचा वेळ त्यांचं आपसात जुळवण्यात जातो. तरीही चूक मध्यस्थाचीच. चाळीस मिनिटं उलटली की त्याने बाहेर यायला हवं, निदान ‘अजून अर्धा तास लागेल’ एवढं सांगण्यापुरतं. ताटकळत बसलेल्यांच्या खोलीत संशय फार लवकर रुजतो. चांगला मध्यस्थ जाताना काम देऊन जातो : आज काही ठरलं नाही तर पुढच्या सहा महिन्यांत काय काय होईल ते लिहा, समोरच्याला पैशाखेरीज काय हवं असेल याचे तीन अंदाज लिहा, कोणता कागद दाखवला तर तुमचं म्हणणं त्यांना पटेल ते शोधा. परत आल्यावर तो हे कागद खरोखर वाचतो. नुसतं गुंतवून ठेवण्यासाठी दिलेलं काम माणसांना लगेच कळतं.

सूर बदलला, असं दोन्ही खोल्यांना वाटतं. तुमच्या खोलीत मध्यस्थ तुमच्या बाजूची भोकं तपासतो, म्हणून तो त्यांचा वकील वाटतो. तिकडे तेच उलटं चालतं. हे तपासणं चारचौघांत करता येत नाही. समोरच्यादेखत ‘ही पावती तुमच्याकडे नाही ना?’ असं विचारलं की माणूस पावतीबद्दल बोलत नाही, अब्रू सांभाळतो.

आता गोपनीयता. याच्या दोन पद्धती आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने २००२ मध्ये केलेल्या आणि २०१८ मध्ये सुधारलेल्या मध्यस्थीविषयक नमुना कायद्यात मूळ नियम असा : एका बाजूने दिलेल्या माहितीचा आशय मध्यस्थ दुसऱ्या बाजूला सांगू शकतो, ‘हे गुप्त ठेवा’ अशी अट घातलेली माहिती मात्र सांगता येत नाही. व्यवहारात बरेच मध्यस्थ याच्या उलट चालतात, म्हणजे परवानगी मिळेपर्यंत सगळंच गुप्त. दोन्ही पद्धती चालतात. आपल्या टेबलावर कोणती आहे हे दोन बाजूंनी वेगवेगळं गृहीत धरलं तर मात्र गाडं रुळावरून घसरतं. तेव्हा पहिल्याच संयुक्त बैठकीत विचारा : ‘आम्ही काही बोललो नाही तर माहिती जाते की थांबते?’

प्रत्येक खासगी बैठक संपवताना मध्यस्थाने तीन ढीग करायला हवेत : तिकडे सांगायचं, अजिबात सांगायचं नाही, आणि वेळ आली तर विचारून सांगायचं. ते तुमच्यासमोर वाचून दाखवायचे. मध्यस्थाने केले नाहीत तर तुम्ही करायला लावा. दोन मिनिटांचं काम आहे.

पण शब्द गुप्त राहिले तरी इशारा फुटतो, आणि हा या कामातला सगळ्यात निसरडा भाग. समजा तुम्ही उघडपणे १०० मागितले आहेत आणि मध्यस्थाला खासगीत सांगितलंय, ७० पर्यंत चालेल. तिकडच्या खोलीत समोरची बाजू ७२ चा प्रस्ताव तयार करते आणि मध्यस्थाला विचारते, ‘फार होतंय का?’ मध्यस्थ ‘जरा थांबा’ म्हणाला, भुवया उंचावल्या, पेन खाली ठेवलं, तरी तुमचा आकडा त्यांना कळला. तो ‘थांबा’ म्हणाला तर तुमचे दोन बुडाले, ‘चालेल’ म्हणाला तरी त्याने तुमची तळाची रेषा दाखवलीच. त्याने विचारायला हवं ते हे : ‘हा आकडा मी नेतो. तो कशावरून काढला म्हणून सांगू?’ हाच प्रश्न तो आकडा कितीही असता तरी त्याच आवाजात विचारत आला असेल, तरच त्यातून काही फुटत नाही. म्हणून कसलेले मध्यस्थ पहिल्या प्रस्तावापासूनच ही सवय ठेवतात.

मध्यस्थाने खोटं बोलायचं नसतं, गप्प राहायचं असतं. समजा एक बाजू खासगीत म्हणाली, ‘जी यंत्रं देऊन मिटवतोय ती आम्ही कधीच विकली आहेत.’ मध्यस्थाला हे उघड करता येत नाही. पण असा करार होऊ देणं म्हणजे फसवणुकीला हातभार. तो त्या बाजूला सांगतो : तुम्ही स्वतः सांगा, नाही तर मी थांबतो. त्यांनी नकार दिला तर कारण न देता मध्यस्थी संपवतो. त्यामुळे मध्यस्थ अचानक उठला तर कारण विचारत बसू नका, स्वतःची कागदपत्रं नीट तपासा.

प्रश्न : आमचं अडलंय ते फक्त आकड्यावर. आम्ही १०० वरून ९२ आणि मग ८८ वर आलो. ते २० वरून २६, मग २९. दोन्हीकडून ‘आता तुमची पाळी’ एवढंच चालू आहे. मधला आकडा घेऊन मोकळं व्हावं का?

तुमच्या पायऱ्या बघा : ८, मग ४. त्यांच्या ६, मग ३. प्रत्येक पायरी निम्मी होतेय. हाच वेग राहिला तर तुम्ही ८४ च्या आसपास थांबाल, ते ३२ च्या आसपास. समोरचा तुमच्या आकड्यापेक्षा तुमच्या पायरीची लांबी वाचतो. मधला आकडा घेण्याची युक्ती तर जो पहिला आकडा अवाच्या सवा सांगतो त्यालाच बक्षीस देते.

त्याऐवजी एक हिशेब दोघांनी वेगवेगळा, मध्यस्थासमोर करा. निवाड्यापर्यंत भांडल्यास मागणारा जिंकण्याची शक्यता किती, आणि तिथवर जायला खर्च किती? समजा दावा १०० चा आणि खर्च दोघांचा प्रत्येकी १५. मागणाऱ्याला वाटतं आपण जिंकण्याची शक्यता ७० टक्के : ७० वजा १५, म्हणजे ५५ च्या खाली यायला तो तयार नाही. देणाऱ्याला वाटतं मागणाऱ्याची शक्यता ३० टक्केच : ३० अधिक १५, म्हणजे ४५ च्या वर तो जाणार नाही. दहाची दरी पडली. गंमत म्हणजे दोघांच्याही मते स्वतःची जिंकण्याची शक्यता ७० टक्के, बेरीज १४०! म्हणजे वाद आकड्याचा नाही, दोघांच्या आशावादाचा आहे. अशा वेळी प्रस्तावांची फेकाफेक थांबवून पुराव्यावर बसायचं : कोणता साक्षीदार, कोणता कागद, कोणती तारीख. एकाचा अंदाज ७० वरून ६० वर आला आणि दुसऱ्याचा ३० वरून ४५ वर गेला, की तळ ४५ आणि वरची मर्यादा ६०. आता बोलायला जागा झाली. यात वाट पाहण्याचा काळ आणि मनस्ताप धरलेला नाही. तो धरला तर मागणारा आणखी खाली येतो आणि देणारा आणखी वर जातो, म्हणजे जागा वाढतेच.

इथून पुढे सशर्त प्रस्ताव उपयोगी पडतो : ‘तुम्ही ५० वर आलात तर आम्ही ७० वर येऊ.’ समोरचा यातून ६० हा मध्य वाचणार, हे धरूनच बोला. ६० नको असेल तर हे दोन आकडेही नकोत.

तरीही थोडक्यासाठी अडलं तर मध्यस्थाचा प्रस्ताव. मध्यस्थ एकच आकडा लेखी देतो. दोघांनी ठरलेल्या वेळेपर्यंत फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच त्यालाच खासगीत कळवायचं. दोन्ही ‘हो’ असतील तर मिटलं. एक जरी ‘नाही’ असेल तर फक्त ‘जमलं नाही’ एवढंच जाहीर होतं. ‘नाही’ म्हणणाऱ्याला समोरच्याने काय म्हटलं ते कधीच कळत नाही, त्यामुळे ‘हो’ म्हणणाऱ्याचं पुढच्या वाटाघाटीत नुकसान होत नाही. हा आकडा न्याय्य काय यावर ठरत नाही. दोघांनाही कसाबसा गिळता येईल असा तो असतो. मानसशास्त्रज्ञ ली रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं आहे की एकच प्रस्ताव विरोधकाच्या तोंडून आला की तो हलका वाटतो. तिसऱ्याच्या तोंडून आल्यावर तो डाग पुसला जातो. मात्र हे अस्त्र एकदाच चालतं. दुपारीच काढलं तर संध्याकाळी मध्यस्थाच्या हातात काही उरत नाही, आणि मत देऊन बसलेला माणूस पुन्हा तटस्थ वाटणं कठीण.

आकड्याबाहेरही बघा : हप्ते, मुदत, वस्तू परत करणं, शिफारसपत्र. व्यवस्थापनविषयक विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ मधल्या एका व्याख्यानात ग्रंथालयातल्या खिडकीचं उदाहरण दिलं होतं. एकाला खिडकी उघडी हवी, फॉलेट यांना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला ती खिडकी नको होती, मोकळी हवा हवी होती. फॉलेट यांना थेट अंगावर येणारा वारा नको होता. अर्धी खिडकी उघडून दोघेही नाराज झाले असते.

प्रश्न : मी नुकतंच प्रशिक्षण घेतलंय. पक्षकार ओरडायला लागला की ‘शांत व्हा’ म्हणतो, तर तो आणखी भडकतो. त्याचं बोलणं सौम्य करून सांगितलं तर ‘मी असं म्हणालोच नाही’ म्हणतो.

‘शांत व्हा’ हे शब्द कायमचे सोडा. ऐकणाऱ्याला त्यातून ‘तुमच्या रागाला कारण नाही’ असंच ऐकू येतं.

दुसरी चूक जास्त शिकण्यासारखी आहे. पक्षकार म्हणतो : ‘हा पहिल्यापासून चोर आहे, हिशेबाची वही कधी दाखवली नाही.’ तुम्ही सांगता : ‘म्हणजे तुमच्यात संवाद कमी पडला.’ तो चिडणारच. तुम्ही त्याचा आरोपच पुसून टाकलात. शिवी काढायची, तक्रार ठेवायची, रागाचं वजनही ठेवायचं : ‘वही तुम्हाला एकदाही दाखवली गेली नाही, आणि त्यामुळे विश्वासच उडाला. वही बघायला मिळणं ही तुमची पहिली मागणी, बरोबर?’ शेवटचा प्रश्न विसरू नका. तो ‘नाही, वही नको, त्याने माझ्या भावासमोर मला खोटं पाडलं ते’ असं म्हणाला, तर खरा मुद्दा तिथे सापडला. चुकलेला अंदाजही असा उपयोगी पडतो.

या वाक्यात ‘वही दाखवली गेली नाही’ हे पक्षकाराचं म्हणणं म्हणून सांगा, वस्तुस्थिती म्हणून नव्हे; नाहीतर दुसरी बाजू उसळेल. ‘तुमचं म्हणणं असं की’ हे चार शब्द कंटाळा येईस्तोवर वापरा.

ओरडणं दोन-तीन मिनिटांत आपोआप ओसरतं, जर कोणी मध्ये तोडलं नाही तर. त्याच त्या वाक्याची तिसरी आवृत्ती सुरू झाली, की समजायचं आपण ऐकल्याची पोच दिली नाही. धमकी किंवा अंगावर धावून जाणं मात्र वेगळं. तिथे लगेच खोल्या वेगळ्या करायच्या.

प्रश्न : तोंडी सगळं ठरतं, पण मसुद्यावर आठवडे जातात. आमचा मसुदा ते खोडतात, त्यांचा आम्ही.

दोन मसुदे ठेवूच नका. मध्यस्थाने एकच कागद धरायचा. दोघांना त्यावर ‘मान्य आहे का’ विचारायचं नाही, फक्त ‘यात काय चुकतंय’ एवढं विचारायचं आणि स्वतः दुरुस्त करून परत न्यायचं. कागद आपला नसल्यामुळे खोडताना कोणाचा अहंकार दुखावत नाही. ५ ते १७ सप्टेंबर १९७८ या तेरा दिवसांत कॅम्प डेव्हिडला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांच्यात असाच एक मसुदा फिरवला. त्याच्या वीसहून अधिक आवृत्त्या झाल्या. बराच काळ ते दोघे समोरासमोर बसलेच नाहीत. तुमच्या वादाला चार-पाच आवृत्त्या पुरतील.

मजकुरात प्रत्येक कलमाला पाच प्रश्न लावा : कोण, काय, किती, कधीपर्यंत, आणि नाही केलं तर? ‘दोन्ही पक्ष सहकार्याने हिशेब पूर्ण करतील’ हे वाक्य म्हणजे पुढच्या भांडणाचं बियाणं. त्याऐवजी : ‘पहिला पक्ष १५ तारखेला संध्याकाळी ५ पर्यंत मागील दोन वर्षांच्या हिशेबाच्या वह्यांच्या प्रती दुसऱ्या पक्षाला देईल. दुसरा पक्ष त्यानंतर १० दिवसांत हरकती लेखी देईल. न दिल्यास हिशेब मान्य धरला जाईल.’ पैसे आणि वस्तू एकाच वेळी हातात पडतील अशी रचना करा. ‘आधी तुम्ही’ यावर झालेले करार सगळ्यात जास्त मोडतात. हप्ते असतील तर एक चुकल्यास किती दिवसांची सवलत आणि त्यानंतर उरलेली पूर्ण रक्कम लगेच देय होते का, हेही लिहा.

सही त्याच दिवशी. रात्री दहाला सगळे दमलेले असतील तर निदान मुख्य मुद्द्यांच्या एका पानावर सह्या घ्या आणि ते पान बंधनकारक आहे की फक्त आराखडा, हे त्यावरच लिहा. आणि सकाळी पहिलं काम : सही करू शकणारा माणूस खोलीत आहे का ते बघा. ‘वरून मंजुरी घ्यावी लागेल’ हे वाक्य संध्याकाळी सातला कळलं, तर दिवसभरात फक्त तुमचीच बाजू खाली आलेली असते.

प्रश्न : समोरचा पक्ष दुसऱ्या देशातला आहे. मध्यस्थीतला करार तिकडे चालतो का?

व्यापारी वाद असेल तर सिंगापूर करार बघा; मध्यस्थीतले समझोते दुसऱ्या देशात अमलात आणण्याबाबतचा हा आंतरराष्ट्रीय करार. तो ७ ऑगस्ट २०१९ रोजी सह्यांसाठी खुला झाला आणि १२ सप्टेंबर २०२० पासून लागू झाला. नुसती सही केलेला देश पुरत नाही. ज्या देशात वसुली करायची त्याने तो अधिकृतपणे स्वीकारलेला असावा लागतो. घरगुती वापरासाठी ग्राहकाने केलेले व्यवहार, कौटुंबिक, वारसा आणि नोकरीचे वाद त्यात येत नाहीत. समझोता मध्यस्थीतूनच झाला याचा पुरावा लागतो, म्हणून समझोत्याच्या कागदावर मध्यस्थाचीही सही घ्या किंवा त्याच्याकडून तसं वेगळं लेखी घ्या; नंतर तो सापडेलच असं नाही. आणि मध्यस्थाने आपली निःपक्षता शंकास्पद करणारी गोष्ट लपवली, आणि ती कळली असती तर त्या पक्षाने करारच केला नसता असं ठरलं, तर अंमलबजावणी नाकारली जाऊ शकते. ओळखदेख लिहून घ्या, असं पहिल्या उत्तरात म्हटलं ते यासाठीही.

प्रश्न : बहिणीच्या घरी मारहाण होते. नातेवाईक म्हणतात मध्यस्थ बसवा, मिटेल.

नको. मध्यस्थीत दोघांनाही ‘नाही’ म्हणता यायला हवं, आणि ‘नाही’ म्हटल्यावर सुखरूप घरी जाता यायला हवं. बहिणीला ते जमणार नसेल तर तिथे होईल तो समझोता नव्हे, तिच्या भीतीवर घेतलेली सही. आधी तिची सुरक्षितता, कायद्याची मदत आणि स्वतंत्र सल्ला. मध्यस्थानेही सुरुवातीलाच प्रत्येकाला एकटं भेटून विचारायचं असतं : समोरच्यादेखत मोकळं बोलाल का? तो रागावला तर घरी काय होतं? आज इथून कुठे, कोणाबरोबर जाणार? उत्तरं देताना माणूस दाराकडे बघत असेल, तर संयुक्त बैठक लावायची नाही.